पलीकडची खाट

जहाजावरच्या केबिनचं दार उघडण्याआधी बाओलियेननं त्यावर टकटक केली. आत कुणी नव्हतं हे तिला ठाऊक होतं. पण परक्या खोलीत वर्दी दिल्याशिवाय पाऊल टाकू नये, आत न दिसणारं जे कोणी असेल त्याला बाजूला व्हायला वेळ द्यावा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. "चार दिवस राहायला आलेय, सांभाळून घ्या," असं पुटपुटत ती आत शिरली आणि दोन खाटा बघून तिच्या काळजात धस्स झालं.

दोन्ही खाटांच्या मध्ये एक माणूस तिरका होऊन चालेल एवढीच जागा. खिडकी नाही. न्हाणीघराचं दार इतकं पातळ, की आत कुणी खाकरलं तरी बाहेर कळावं. तिनं आपली बॅग उचलली आणि पलीकडच्या खाटेवर ठेवली, वर जाकीट पसरलं, चादर जरा विस्कटली. रिकामी खाट नीटनेटकी ठेवली की नको ते पाहुणे येऊन झोपतात, म्हणून आमच्यात असं करतात. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी बाओलियेनला भुताची भीती नव्हती. त्या खाटेवर येणाऱ्या जिवंत बाईची होती.

'गाडी चुको बयेची,' ती मनात म्हणाली. 'ताप येवो. फार नको, थोडासाच.'

ही बाई पहिल्यापासून अशी भित्री नव्हती हो. कीलुंग या आमच्या बंदराच्या गावात, देवळापुढच्या बाजारात तिनं चाळीस वर्षं माशाच्या गोळ्यांचं सूप विकलं, आणि तिच्या सुपाइतकीच तिची जीभ गरम. कुणी म्हणालं, मीठ कमी आहे, तर लगेच, "मग घरी जाऊन बायकोच्या हातचं प्या, आणि तिलाही हेच सांगून बघा!" नवरा लवकर गेला, एकटीनं लेक वाढवली, कुणापुढे हात पसरला नाही. तिच्या हातगाडीपासून बंदर दिसायचं. तिथली पांढरी जहाजं सुटताना ती डाव हातात धरून बघत राहायची आणि म्हणायची, एकदा तरी मी तसल्या जहाजावर उभी राहून ही गाडी तिकडून बघणार.

मग दोन वर्षांमागे आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी रोग कापून काढला, बाई वाचली. पण आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला काढून दिलं आणि तिथे एक पिशवी चिकटवली. जे खालून जायचं ते आता त्या पिशवीत. "वास अजिबात येत नाही, मावशी," नर्सनं शंभरदा सांगितलं. बाओलियेनचा विश्वास बसेल तर शपथ! मासळीच्या बाजारात जन्म काढलेली बाई ती, वास म्हणजे काय ते तिला नर्सनं शिकवावं?

तिनं गाडी विकून टाकली. पोटाला असली पिशवी, तिच्या हातचं कोण खाईल? कुणी विचारलंही नव्हतं, कुणाला ठाऊकही नव्हतं, पण हिनं आपला निकाल देऊन टाकलेला. बाजारातल्या बायकांना सांगितलं, गुडघे गेले. पत्त्यांचा अड्डा सोडला, देवदर्शनाच्या सहली सोडल्या. उरला तो फक्त साबण. इस्पितळातून घरी आल्यावर लेकीनं तिला मोत्साओ नावाच्या झाडपाल्याच्या हिरव्या साबणानं न्हाऊ घातलं होतं. तो असतो आमच्या घराघरात. त्याचा उग्र वास सगळ्या वासांना खाऊन टाकतो, हे बाओलियेनला तेव्हा समजलं, आणि तेव्हापासून पिशवी रिकामी केली की ती त्याच साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, पोट पुसायची, उरलेला फेस न्हाणीघराच्या भिंतीवर शिंपडायची. वडी संपायच्या आधी दुसरी तयार.

डॉक्टर म्हणाले, आता फिरा. लेकीनं, यीत्सेननं, परस्पर जहाजाचं तिकीट काढलं. एकटीची खोली हवी तर दोघींचं भाडं भरा, आणि तेवढं भरायची तयारी केली तेव्हा तशी खोलीच उरली नव्हती. मग जहाजाच्या कंपनीनं एकट्या बायकांच्या जोड्या लावलेल्या, त्यातली एक हिच्या वाट्याला.

"असेल गं आई, कुणीतरी तुझ्यासारखीच."

"माझ्यासारखी? म्हणजे पोटाला पिशवी लावलेली?"

"तसं नाही म्हणाले मी."

"एका न्हाणीघरात, परक्या बाईबरोबर! त्यापेक्षा मला पोत्यात घालून समुद्रात सोड की."

पण जहाज समोर उभं होतं, आणि जन्मभराची हौस. ती निघाली.

जहाज सुटायचा भोंगा झाला आणि केबिनमध्ये बसलेली बाओलियेन सुटकेचा श्वास टाकणार, एवढ्यात दारावर टकटक झाली आणि घामानं थबथबलेली, रुंद खांद्यांची एक बाई आत आली. पन्नाशीची असेल. "माफ करा ताई, बस रखडली. मी ज्येन यूये, ज्याई गावची." बाओलियेननं बॅग ओढून घेतली आणि तोंडदेखलं तिची बॅग धरायला हात पुढे केला. यूयेनं हात पटकन मागे घेतला. "नको नको, राहू द्या. माझे हात घामट आहेत."

"काय करता तुम्ही?" बाओलियेननं विचारलं.

"माणसांची सेवा. अंघोळ घालायची, केस विंचरायचे, कपडे चढवायचे."

"म्हाताऱ्यांची?"

"बहुतेक म्हातारीच असतात," यूये म्हणाली आणि मान खाली घालून सामान लावू लागली.

झालं! बाओलियेननं सदरा खाली ओढला. आजाऱ्यांना अंघोळ घालणारी बाई म्हणजे तिनं अशा पिशव्या ढिगानं पाहिल्या असणार. सदरा जरा वर सरकला, आत जरा गुरगुरलं, की संपलं. मग जेवणाच्या टेबलावर कुजबुज, कुजबुजीतून कीलुंग, कीलुंगातून अख्खा बाजार.

पुढचे दोन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. झोपताना पोटाला टॉवेल गुंडाळून वर जाकीट घातलं. न्हाणीघरात गेली की नळ पूर्ण सोडायची, आणि बाहेर यायची ती साबणाचा भपकारा घेऊनच. दर वेळी तिला दिसायचं, की खाटेवर बसलेली यूये मान वर करते, तिच्या नाकपुड्या हलतात, आणि ती तोंड भिंतीकडे फिरवते. आला हिला वास, बाओलियेनला वाटायचं. आलाच. मग ती परत आत जायची आणि पुन्हा साबण लावायची.

जेवायचं म्हणजे तर छळच. समोर खेकडे, कोळंबी, भाजलेलं बदक, आंब्याच्या फोडी, हवं तेवढं घ्या. आणि ही बाई वाटीभर पेज पुढ्यात घेऊन बसलेली. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, असा हिशोब. दुसऱ्या दिवशी दुपारी यूयेनं एक बशी भरून आणली. कोळंबी सोलून ओळीनं मांडलेली.

"ताई, तुम्ही काहीच खात नाही. मी सोलून आणलीय, घ्या ना थोडी."

"नको!" बाओलियेन जवळजवळ ओरडलीच. वासानं तोंडाला पाणी सुटलं होतं, म्हणून आवाज आणखी चढला. "मला नको म्हणजे नको."

यूयेनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते हात तिनं टेबलाखाली घेतले.

जहाज वाटेतल्या परदेशी नाहा बंदराला लागलं तेव्हा सगळे उतरले. बाओलियेनही उतरली, पण परक्या गावात न्हाणीघर कुठे शोधायचं या धास्तीनं धक्क्यावरूनच मागे फिरली. केबिनवर टकटक करून आत आली तर पलीकडची खाट मोकळी. चादर बदललेली, उशी गुळगुळीत, यूयेची बॅग नाही, दात घासायचा ब्रश नाही. खोली झाडणारा पोरगा बाहेरच होता. तो तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाला, "त्या मॅडम दुसऱ्या खोलीत गेल्या. त्यांनीच मागून घेतली. म्हणाल्या, ताईंना त्रास होतो."

हवी होती ती एकटीची खोली आयती मिळाली. बाओलियेन खाटेवर टेकली, जाकीट काढून फेकलं, पाय पसरले. आणि चटका बसावा तशी उठली. ताईंना त्रास होतो! त्रास हिला झाला आणि नाव माझं! वास सहन झाला नाही म्हणून पळाली, आणि आता चार बायकांत बसून सांगत असेल, काय सांगू बाई, ती म्हातारी... रिकाम्या खाटेवर बॅग ठेवायचं भान तिला राहिलं नाही. चाळीस वर्षं गाडीवर उभी राहिलेली बाई जिवंत झाली आणि तरातरा जेवणघराकडे निघाली.

जेवणघर ओस होतं, सगळे गावात गेलेले. एका कोपऱ्यातल्या शेवटच्या टेबलाशी यूये भिंतीकडे तोंड करून एकटीच खात बसली होती.

"कुणाकुणाला सांगितलंत?" बाओलियेननं समोर उभं राहून विचारलं.

यूये दचकून उठली. "मी? मी कशाला सांगू ताई? कधीच कुणाला सांगत नाही. मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

"मी माझं सांगेन? वेड लागलंय का मला?"

"तुमचं नाही, माझं." यूयेनं पुढ्यातली बशी बाजूला सारली. "तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं ना. मला तुमच्या साबणाचा वास आला."

"साबणाचं काय?"

"मोत्साओचा साबण, ताई. प्रेताला जाऊन आलं की लोक ज्यानं अंघोळ करतात तो. माझ्या शेजारणी मी जिन्यात भेटले तरी घरी जाऊन त्यानंच हात धुतात. मी प्रेतं धुते. त्या दिवशी माणसांची सेवा म्हणाले ना, ती हीच. अंघोळ घालते, केस विंचरते, शेवटचे कपडे चढवते. वाटलं होतं, चार दिवस समुद्रावर तरी कुणाला कळणार नाही. पण तुम्ही दिवसातून इतक्यांदा माझा विटाळ धुऊन काढत होतात, की मला बघवेना. कोळंबी दिली ती तर माझीच चूक झाली. या हातचं कोण खाईल?"

बाओलियेन मटकन खुर्चीत बसली.

म्हणजे हिला वास आलाच नव्हता. नर्स मेली खरंच बोलत होती. आता फक्त गप्प राहायचं. "बरं, बरं" म्हणायचं आणि आपल्या एकटीच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. कीलुंगात कुणाला काही कळणार नाही, आणि ही बाई बिचारी तोंड मिटून ज्याईला निघून जाईल. सगळं अगदी मनासारखं झालं होतं. पण ते शेवटचं वाक्य तिच्या कानांतून जाईना. दोन वर्षं रोज सकाळी उठून ती स्वतःला तेच तर सांगत आली होती, शब्दही तेच.

"हात दे इकडे," ती म्हणाली.

"नको ताई."

"दे म्हणते ना!"

यूयेनं सवयीनं हात मागे घेतला, पण मासे आपटून आपटून गोळे केलेल्या मनगटापुढे तिचं काय चालणार! बाओलियेननं तो रुंद हात ओढला आणि सदऱ्यावरून आपल्या पोटाच्या डाव्या बाजूला दाबून धरला. भीतीनं तिचे कान तापले होते. लेकीशिवाय आणि इस्पितळातल्यांशिवाय त्या जागेला कुणाचा हात लागला नव्हता.

"कळलं का काय आहे? हे लपवायला साबण. तुझ्यासाठी नाही गं बाई. तुझा माझ्या डोक्यात विचारसुद्धा नव्हता."

यूयेची बोटं कापडावरून पिशवीची कड शोधत हळूहळू फिरली आणि थांबली. आणि नेमक्या त्याच वेळी, सगळी अब्रू घालवायला टपून बसल्यासारखं, बाओलियेनचं उपाशी पोट मोठ्यानं गुरगुरलं.

यूये केवढ्यानं तरी दचकली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली, आवरेना तिला. "माफ करा ताई. माझ्या हाताखाली पोट कधी गुरगुरत नाही हो."

बाओलियेन आधी तिच्याकडे बघतच राहिली, मग तीही हसली. इतकी हसली की पोट धरावं लागलं, आणि यूयेचा हात अजून तिथेच होता.

"दोन दिवस पेजेवर आहे मी," डोळे पुसत ती म्हणाली. "ती कोळंबी आहे का संपली?"

"आहे की!"

यूये गेली आणि बशी भरून घेऊन आली. बाओलियेननं कोळंबीकडे हातसुद्धा नेला नाही.

"तूच सोल," ती म्हणाली. "आणि तुझं सामान परत आण. त्या रिकाम्या खाटेवर मी कितीदा बॅग ठेवत बसू?"

यूयेनं एक कोळंबी सोलली, बशीत ठेवू की हातात देऊ अशी क्षणभर घुटमळली. बाओलियेननं तोंड उघडलं आणि वाट बघत बसली.