डाव्या कानावरचा चरा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. सांगायची वेळ आली तेव्हा सांगितलं नाही, आणि नंतर — नंतर सांगण्याला काय अर्थ असतो? तरी सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

शहाद्यात आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. नवरा शाळेत मास्तर, त्याला त्यात रस नाही. म्हणून सासरे थकले तेव्हा गल्ल्यावर मी बसले. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकवायचं आणि विचारायचं, दुकानात कोणी नाही का? मी समोर बसलेली असायचे. तर मी ठरवलं, या लोकांना येत नाही ते शिकायचं. जुन्या गाड्यांचे ब्रेक.

नव्या गाडीचं सोपं असतं, डब्यावर नंबर असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीचा अस्सल भाग आता कुठे मिळतो? मिळतो तो नंतर कुणीतरी कुठेतरी तसाच ओतून काढलेला. दिसायला जुळा भाऊ. आतलं भोक केसभर कमी, नाहीतर आटे वेगळे. हे ओळखायला डोळे लागतात, बोटं लागतात, आणि घाई नसावी लागते. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. आज धुळ्याहून, सुरतेहून लोक मोबाईलवर फोटो पाठवतात — ताई, हा कुठला? मी सांगते. लोक म्हणतात, ताईंनी सांगितलं म्हणजे झालं.

हे कौतुक म्हणून सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

दुकानाच्या दोन रीती होत्या, दोन्ही सासऱ्यांच्या. एक — ब्रेकचा भाग देण्याआधी त्यात जुना नट, म्हणजे तेलाच्या नळीच्या टोकाला असतो तो, बाहेरून आटे असलेला, फिरवून बघायचा. कारण जुन्या गाड्यांचे आटे इंचाचे आणि आताच्या मालाचे मिलिमीटरचे. इंचाचा नट मिलिमीटरच्या भोकात जातो, हेच तर वाईट आहे. अडला असता तर कळलं असतं. तो जातो, बसतो, आवळल्यासारखाही वाटतो, आणि एक दिवस जोरात ब्रेक दाबला की उपटून बाहेर येतो. म्हणून गल्ल्याच्या खणात आम्ही इंचाचे चार नट ठेवलेले असायचे. अर्ध्या मिनिटाचं काम.

दुसरी रीत — दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर तिकोनी कानशीने एक बारीक चरा मारायचा. दुसऱ्याचा माल कुणी आमचा म्हणून परत आणू नये, एवढ्यासाठी. व्हील सिलिंडर असेल — म्हणजे चाकाच्या आत बसणारी मुठीएवढी नळी, ब्रेक दाबला की तेल तिच्यात येतं — तर तिच्या दोन बाजूंना बोल्ट बसवायला दोन कान असतात. त्यातल्या डाव्या कानावर.

युसूफचाचांना हे ठाऊक होतं. तेवढं दुसऱ्या कुणालाच नव्हतं. आमच्या दुकानाच्या मागे त्यांचं गॅरेज. सासऱ्यांच्या बरोबरीचे ते. मी गल्ल्यावर बसले तेव्हा पहिलं काम त्यांनीच आणलं आणि चार लोकांत म्हणाले की आता ताई देईल ते घ्यायचं.

नऊ वर्षं झाली. सारंगखेड्याजवळच्या एका गावचे हिरालालभाऊ, केळीवाले गुजर शेतकरी, त्यांच्या वडिलांची जुनी काळी मोटार होती. घोड्यांच्या यात्रेत तिला धुऊन-पुसून आणायचे, लोक घोडे सोडून गाडी बघायचे. तिचं पुढचं व्हील सिलिंडर गळत होतं. चाचा ते काढून नमुना म्हणून घेऊन आले. बाजाराचा दिवस, दुकानात पाच-सहा माणसं. मी दोन्ही तुकडे हातात घेतले, वजन बघितलं, भोकात बोट घातलं आणि म्हटलं, हाच. चरा मारला, दिला.

खणातला नट फिरवून बघितला नाही.

का नाही? गर्दी होती असं मी स्वतःला कैक वर्षं सांगितलं. खोटं आहे. लोक बघत होते म्हणून नाही बघितला. नुसत्या हाताने ओळखते हे त्यांना दिसावं म्हणून.

तासाभराने चाचा परत आले. हात तेलाचे. गल्ल्याशी वाकून हळूच म्हणाले,

"ताई, आटा ढिला जाई ऱ्हायना."

त्यांनी हळू सांगितलं होतं. मी मोठ्याने उत्तर दिलं.

"आटा नई चाचा, तुमना हात ढिला व्हई गया."

दुकान हसलं. चाचाही हसले. मान हलवून गेले, आणि तोच तुकडा त्यांनी पक्का केला.

तीन आठवडे गाडी व्यवस्थित चालली. मग हिरालालभाऊ बायकोला, विमलबेनला, घेऊन तोरणमाळला गेले. चढताना काही झालं नाही. उतरताना घाटात त्यांचा पाय ब्रेकवर गेला तो थेट तळाला. जुन्या गाडीत चारही चाकांना तेलाची वाट एकच. एक नट निघाला की सगळं संपलं. दरीकडे न जाता त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. म्हणून दोघं वाचली. विमलबेनचा उजवा कोपर फुटला. तो हात आजही वाकडा आहे, तोंडापर्यंत जात नाही.

पाच-सहा दिवसांनी हिरालालभाऊ दुकानात आले. कपाळाला पट्टी. सोबत चाचा. हिरालालभाऊंनी फडक्यातून सिलिंडर काढून गल्ल्यावर ठेवलं. आवाज चढवला नाही. चाचा म्हणत होते की तुकडा ताईंकडचा आहे. पण चाचांच्या गॅरेजात जुन्या भागांचा एक पत्र्याचा डबाही होता, हे गावाला माहीत होतं. म्हणून ते मला विचारायला आले होते. ओळखायला. माझ्याशिवाय दुसरं कोण ओळखणार होतं?

"ताई, हाऊ तुमना दुकानना शे का नई, तेवढं सांगा."

मी तुकडा उचलला. भोकातले आटे चकाचक खरवडलेले — एका नजरेत कळलं काय झालं ते. मग कान बघितला.

चाचांनी हात पुढे केला होता. त्यांना तुकडा हवा होता, चाचपून बघायला. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. मला माहीत होतं, हिरालालभाऊंना नव्हतं. मी तुकडा त्यांच्या हातात दिला नाही. त्यांच्या बोटांना ते सापडलं असतं. मी तो माझ्याच हातात धरला आणि अंगठा डाव्या कानावर ठेवला.

तेव्हा चाचांनी विचारलं. त्यात आरोप नव्हता. आपल्याला दिसत नाही म्हणून शेजारच्या माणसाला विचारावं, तसं.

"ताई, चरा शे का देख ना. माले दिखत नई."

मी बघितल्यासारखं केलं. खिडकीकडे वळून उजेडात धरलं, हेही मला आठवतं.

"नई चाचा. आमना नई."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मला वाटलं, आता भांडतील. भांडले असते तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"मंग मन्हाच डबामाईन गया व्हई."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या डोळ्यांवर.

त्या दुपारी शटर अर्धं ओढून मी खणातला नट काढला आणि त्याच मालाच्या उरलेल्या तीन तुकड्यांत फिरवला. तिन्हींत खुळखुळला. तिन्ही भंगारात टाकले. हिरालालभाऊ गल्ल्यावरच ठेवून गेले तो चौथाही, पण आधी त्याचा कान कानशीने घासून सपाट केला. माझे हात कापत नव्हते. कापत होते असं लिहायला बरं दिसलं असतं.

पुढे काय होणार ते ठरलेलंच होतं. चाचांकडे ब्रेकचं काम येणं थांबलं. मग आलेलं कामही ते परत पाठवू लागले — ब्रेक सोडून बाकी काही सांगा, माझा भरवसा नाही. वर्षभरात गॅरेज बंद. पण त्याआधी ते हिरालालभाऊंच्या घरी गेले होते. विमलबेनसमोर उभे राहून त्यांनी माफी मागितली. हे त्यांनीच मला सांगितलं, दुकानात बसून, मी दिलेला चहा पीत. विमलबेनने डाव्या हाताने पाणी आणून दिलं, म्हणाले. पेला सांडला, तरी पुन्हा भरून आणला. बाई चांगली आहे.

मी काय केलं? ऐकलं. आणखी चहा हवा का, विचारलं.

बाईमाणसाला या धंद्यात नाव टिकवणं किती अवघड असतं, हे मी सांगू शकते. एक चूक झाली असती तर सगळे म्हणाले असते, बघा, बाईच ती. हे खरंही आहे. पण ते नाव टिकवायला मी ज्या माणसाचं नाव घालवलं, त्यानेच मला ते मिळवून दिलं होतं. मग त्या खरेपणाचं मी काय करू?

मी चरे मारणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणते, आता माल परत कोण आणतं? नट मात्र प्रत्येक तुकड्यात फिरवते. गिऱ्हाईक म्हणतं, ताई किती काळजी घेतात.

चाचा आता मुलाच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. डोळे गेलेच. जुन्या गाडीचं कुणी काही विचारायला आलं की माझ्याकडे पाठवतात. गेल्या महिन्यात दोंडाईच्याचा एक माणूस आला, हातात सिलिंडर. म्हणाला, चाचा म्हणाले की तिथेच जा, ती बाई खोटं सांगत नाही.

मी हे लिहिते आहे, कारण त्यांना वाचता येत नाही. तेवढंही धाडस माझं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यांचं घर आमच्या दुकानापासून चालत तीन मिनिटांवर आहे. आजही मी तिकडून आले. त्यांनी पावलांचा आवाज ओळखला, हात वर केला. मी म्हटलं, बरं आहे ना चाचा, आणि पुढे निघाले.

त्यांनी विचारलं होतं, चरा आहे का.

होता. डाव्या कानावर, माझ्या अंगठ्याखाली.