गोणपाटात गुंडाळलेला समुद्र

तोंडातला चहा आधी गिळून घ्या, नंतर ठसका लागला तर मला बोल लावाल. आज जो गाढवपणा सांगणार आहे तो शेजारणीचा नाही, सुनेचा नाही, खास माझा आहे. आणि साधासुधा नाही हो. मी अख्खा समुद्र गटारीत ओतलाय!

नाशकात समुद्र कुठून आला म्हणता? आमच्या किरणनं आणला. किरण म्हणजे माझा लेक, ओझरला कारखान्यात कामाला. आमच्या पिढ्या मळ्यात कोथिंबीर, मेथी आणि झेंडू पिकवण्यात गेल्या, तर याला छंद लागला खाऱ्या पाण्यातल्या माशांचा! पंचवटीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. बोळातून बाहेर पडलं की समोर गोदावरी, आम्हा नाशिककरांची गंगा. आणि घरात हा काचेच्या पेटीत समुद्र घेऊन बसलेला.

लाड तर विचारूच नका. घरात मिठाची बरणी काठोकाठ, पण पेटीचं मीठ यायचं मुंबईहून. आम्ही सगळे नळाचं पाणी पितो, ते पेटीला चालायचं नाही. उन्हाळ्यात मी पदरानं वारा घेत बसायची आणि पेटीचं पाणी गार ठेवायला मशीन! मी म्हटलं, "किरण, पुढच्या जन्मी मला तुझ्या पेटीतला मासा कर बाबा."

"आई, पाण्यात तोंड बंद ठेवावं लागतं," म्हणाला.

पेटीत होती नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी, आणि दगडांना चिकटलेलं कायकाय रंगीबेरंगी. किरण म्हणायचा कोरल, म्हणजे पोवळं. पोवळं मला अंगठीतलं माहीत. हे बघावं तर कुठं फ्लॉवरचा गड्डा, कुठं कोंबड्याचं फूल, कुठं अळंबी! मी जन्मभर बाजारात भाजी विकलेली बाई. मला काय भाजी ओळखू येत नाही?

मग पाथर्डी फाट्याला आमचा स्वतःचा फ्लॅट झाला. सामान हलवायचा दिवस उजाडला. सून सुनीता भांडीकुंडी घेऊन पहिल्या खेपेलाच गेली. किरण रिकामी काचेची पेटी मांडीवर धरून रिक्षात बसला. नवरीलासुद्धा कुणी असं धरून नेत नाही. मागे राहिली मी, आणि समुद्र. तो असा बांधलेला: पेटीतलं पाणी मोठाल्या ड्रमांत, मासे झाकणाच्या बादलीत, आणि एकेक कोरल पाणी भरलेल्या पिशवीत घालून थर्माकोलच्या खोक्यात.

"आई, कशालाच हात लावू नकोस. टेम्पोत चढवून घे आणि ये. एवढंच."

एवढंच! शेकड्यानं कोथिंबिरीच्या जुड्या पहाटेच्या बाजारात टवटवीत पोचवल्या मी. आणि मला सांगतो, हात लावू नको.

टेम्पोवाला सोमनाथ आला. त्यानं एक ड्रम उचलायला बघितला आणि कंबर धरून खालीच बसला.

"आजी, यात काय हाय?"

"पाणी."

"पाणी? नव्या घरी नळ नाय का?"

"हाय की. दोन दोन नळ हायेत."

"मग इथनं पाणी कशाला नेताय? गंगा आटली का काय?"

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलणार? माणूस बरोबरच बोलत होता. मी म्हटलं, शिकल्यासवरल्या माणसांचं असंच असतं, डोकं वापरायला त्यांना वेळ होत नाही. दिले ड्रम कलंडून. गटारीतून फेस काढत गेला आमचा समुद्र. सोमनाथ खूश, मी खूश.

मग हात शिवशिवायला लागले. थर्माकोलचं खोकं उघडलं तर सगळी पोवळी आखडून, मिटून बसलेली. मी म्हटलं, होणारच! साचलेल्या पाण्यात माल कोंबून ठेवल्यावर दुसरं काय होणार? पालासुद्धा सडतो. पिशव्या सोडल्या, पाणी निथळून टाकलं. नळाचं ताजं, गोडं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. ओल्या गोणपाटात एकेक नीट गुंडाळून पाटीत रचलं, जड खाली, नाजूक वर. असा माल लावला होता की बाजारात लिलाव थांबला असता.

माशांच्या बादलीला मात्र बोट लावलं नाही हं. मासा पाण्याशिवाय मरतो एवढी अक्कल होती मला. तेवढीच होती.

पाथर्डी फाट्याला टेम्पो थांबला. किरण धावत खाली आला. त्यानं ड्रमला हात घातला आणि ड्रम फुग्यासारखा वर आला.

"आई, पाणी कुठंय?"

"ओतलं."

"कुठं?"

"गटारीत. आरं, इथं दोन नळ हायेत ना!"

तो पाटीकडं वळला. "आणि यात काय आहे?"

"तुझी भाजी. बघ कशी टवटवीत आणली ते."

त्यानं गोणपाट उलगडलं. आतून शेंबडासारखं काहीतरी त्याच्या हातावर ओघळलं. वास तर असा, की सोमनाथ भाडं न मागताच टेम्पोत जाऊन बसला.

"आई, ही झाडं नाहीत. हे प्राणी आहेत. जिवंत प्राणी. गोडं पाणी यांना विष."

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "प्राणी? मग ओरडले का नाय?"

बिचारा रागवायचंही विसरला. पोवळ्यांचं जे व्हायचं ते झालंच होतं, आता उरली ती माशांची जोडी. बादलीतल्या पाण्यावर तिला तग धरायचा होता. मीठ डब्यात होतं, पण शुद्ध पाणी आणून, त्यात विरघळवून, तयार होईपर्यंत संध्याकाळ होणार. तोवर हवेच्या पंपावर भागेल म्हणून त्यानं बटण दाबलं. आणि गेली लाईट! लोडशेडिंग. ते बरं कधी वेळ चुकवतंय?

मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. किरणनं माझ्या हातात तांब्या दिला.

"बादलीतलंच पाणी घ्यायचं आणि उंचावरून परत बादलीत ओतायचं. त्यानं हवा मिळते. मी पाणी घेऊन येईपर्यंत थांबायचं नाही. थांबलीस तर मेले."

तो गेला स्कूटरवर, सुनीता गेली दुकानात कोळसा शोधायला, पाणी साफ राहावं म्हणून. मी हॉलमध्ये पाटावर बसले, समोर बादली. तांब्या भरायची, ओतायची. भरायची, ओतायची. खांदा भरून आला. पण माझ्यापायी पोराच्या पोवळ्यांचा कचरा झालेला, निदान मासे तरी त्याच्या हातात जिवंत द्यायचे होते. तोंडानं आपसूक "राम राम" सुरू झालं. पंचवटीचं वळण, दुसरं काय!

तेवढ्यात उघड्या दारात खालच्या मजल्यावरच्या जोशीबाई, नव्या बिऱ्हाडाला चहा विचारायला आलेल्या. त्यांनी काय बघितलं? पाटावर म्हातारी, संथ धार, आत मत्स्य, मुखी रामनाम!

"अगंबाई! अभिषेक चाललाय!"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण नवी सोसायटी, पहिला दिवस. समुद्र गटारीत ओतणारी बाई म्हणून ओळख करून द्यायची? मी म्हटलं, "हो. आमच्यात असतो."

तिथंच फसले. जोशीबाई गेल्या त्या आणखी चौघीजणींना घेऊन आल्या. एक झेंडूची फुलं घेऊन, एक हळदकुंकू घेऊन. आणि जोशीबाईंच्या हातात दुधाचं पातेलं!

"घालू का दूध?"

"नाय! नाय!" मी किंचाळलेच. "आमच्यात त्याचंच पाणी त्याला. दुसरं काही चालत नाय. फूलसुद्धा लांबूनच!"

"किती कडक असतं बाई तुमच्यात," म्हणून सगळ्या लांबून हात जोडून बसल्या. मला वाटलं, सुटले. तर जोशीबाईंनी ओंजळ पुढं केली. "आजी, तीर्थ द्या."

आता? बादलीतला थेंब थेंब मोलाचा. पण नाही कसं म्हणू? तांब्यात बोट बुडवलं आणि पाचही जणींच्या हातावर एकेक थेंब टेकवला. त्यांनी डोळे मिटून चाटला. पाचही तोंडं एकदम वाकडी!

"खारट लागतंय हो!"

"समुद्राचं तीर्थ हाय," मी म्हटलं. निदान हे तरी खरं होतं.

नेमका तेव्हाच किरण पाण्याचे कॅन घेऊन दारात. आत बघतो तर त्याच्या माशांसमोर हळदकुंकू, फुलं, आणि बायका हात जोडून बसलेल्या.

जोशीबाई म्हणाल्या, "तुमच्या आईंची केवढी हो श्रद्धा!"

किरण थंडपणे म्हणाला, "श्रद्धा? काकू, सकाळी अख्खा समुद्र अर्पण केलाय त्यांनी. पंचवटीच्या गटारीला."

पाचही जणी माझ्याकडं बघायला लागल्या. मी? मी तांब्या भरत होते, ओतत होते. थांबायचं नाही अशी आज्ञा होती ना!

मासे जगले. तयार झालेल्या पाण्यात सोडल्यावर जोडीनं फिरायला लागले, तेव्हा कुठं किरण माझ्याशी धड बोलला. पोवळ्यांतलं एकही वाचलं नाही. जोशीबाई पुढं पुष्कळ दिवस माझ्या घरचं काही खाताना आधी जिभेच्या टोकानं चाखून बघायच्या.

काही वर्षांनी किरणनं गंगापूर रोडला मोठा फ्लॅट घेतला. तोवर पेटी पुन्हा पोवळ्यांनी भरलेली. घर बदलताना लोक आधी देव हलवतात. आमच्याकडं देव होते देव्हाऱ्यातच, ड्रमही अजून रिकामेच होते, टेम्पोसुद्धा ठरला नव्हता.

मला मात्र आठवडाभर आधीच कळवणच्या एसटीत बसवून बहिणीकडं पोचतं केलं होतं.