अर्पणपत्रिकेपासून सुरू झालेलं पुस्तक

खरं सांगायचं तर पहिला फोन मी उचललाच नाही. मोबाइलवर प्रज्ञाचं नाव दिसत होतं, कुसुमताईंच्या नातीचं. मला वाटलं, झालं, ताईंनीच लावायला सांगितला असणार, पुस्तक कुठवर आलं ते विचारायला. आणि पुस्तक नेहमीसारखंच होतं तिथंच होतं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेली मी बाई, वाजती घंटा कधी सोडली नाही, आणि त्या दुपारी कसब्यातल्या आमच्या खिडकीशी बसून नुसती बघत राहिले. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. "शैलाआजी, आजी गेली," एवढंच ती म्हणाली.

त्याला महिना होऊन गेला. अजूनही दुपारी डोळा लागतो न लागतो तोच आमचा ट्रंक बोर्ड समोर येतो. त्या काळी परगावी बोलायचं म्हणजे आधी आमच्याकडे नोंदवायचं, मग तासन्‌तास वाट बघायची. आम्ही दोरीचं टोक भोकात खुपसून दोन गावं जोडून द्यायचो, तीन मिनिटांसाठी. बोर्डावर बारके दिवे लागायचे, विझायचे. कानात गावंच्या गावं बोलायची. कुणाच्या मागं पाऊस वाजायचा, कुणाच्या मागं कुत्रं भुंकायचं, आणि कुणीच बोलत नसलं तर तारेचा स्वतःचा एक आवाज असायचा, लांब कुठंतरी वारा सुटल्यासारखा. कुसुमताई माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीवर असत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, त्यांच्या घरातल्या सरकारी नोकरीत लागलेल्या पहिल्या बाई, कडक इस्त्रीची साडी आणि त्याहून कडक जीभ. मी फार बोलायला लागले की म्हणायच्या, "शैला, तुझी लाइन मोकळी कधी होते गं?"

मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले. लोक आपलं आपण नंबर फिरवायला लागले, आणि आमचा बोर्ड बघता बघता मुका झाला. एके दिवशी दिवे लागलेच नाहीत म्हणा ना. ताई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तू नाहीतरी बडबडतेस, तूच लिही." मी लिहिलं नाही. निवृत्त झाले, नातवंडं झाली, पाषाणच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं एक जाड वही आणली.

आणि सुरुवात कशानं केली? अर्पणपत्रिकेनं! मग ऋणनिर्देश. तो आठ पानं झाला, कारण कुणाला वगळून चालतंय होय? थोरल्या जाऊबाईंचं नाव मैत्रिणींच्या नंतर आलं म्हणून त्या दिवाळीला आल्या नाहीत. मग एका निवृत्त प्राध्यापकांना प्रस्तावनेसाठी पत्र धाडलं. त्यांनी सौजन्यानं कळवलं, हस्तलिखित पाठवा. हस्तलिखित कुठलं? मी वही घेऊन कोथरूडला ताईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं शांतपणे वाचली, आणि वही मिटून म्हणाल्या, "बारसं झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. पाळण्यात काय ठेवलंयस?"

मी रडकुंडीला आले. "मला नाही येत हो ताई. मी काय लेखिका आहे?"

"कॉल लावायला तरी कुठं येत होतं? शिकलीस ना."

त्यांनी घरातले पाठकोरे कागद काढले आणि कात्रीनं बारीक बारीक कापले. बोर्डावर कॉल नोंदवायच्या आमच्या चिठ्ठ्या असायच्या तेवढे. म्हणाल्या, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. कोण, कुठून, कुणाला, आणि मग काय झालं. चिठ्ठी संपली की गोष्ट संपली. मग दर रविवारी मी बस पकडून जायची, त्यांच्या गॅलरीत बसायचं, मधुमालतीची सावली कागदावर हलत असायची, आणि मी लिहायची. चकलीचा मोठा डबा चिठ्ठ्यांनी भरला. तरी पुस्तक सुरू होईना. मी विचारलं, "ताई, यातली पहिली कुठली?"

"डब्यात नाहीये ती," त्या म्हणाल्या. "जी टाळतेस, ती पहिली."

ती कुठली, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. एका दुपारी ताईंच्या लाइनवर इथली एक आई होती, पलीकडे तिची लेक, माहेरचं कुणीतरी गेल्याची बातमी. दोघी बोलतच नव्हत्या. नुसत्या रडत होत्या. मी हळूच म्हटलं, "ताई, तीन मिनिटं झाली." ताई छताकडे बघत म्हणाल्या, "माझं घड्याळ मागं आहे." किती वेळ ती लाइन त्यांनी तशीच ठेवली! हे लिहायचं म्हणजे नियम मोडला हेही लिहायचं. मला ताईंना त्यात ओढायचं नव्हतं. त्यांना मात्र तेच हवं होतं, आणि मी पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिले...

ताईंच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा दिवस. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. प्रज्ञा खराडीच्या एका कंपनीत आहे, दिवसभर कानाला हेडफोन लावून परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकते. गॅलरीत ती माझ्याजवळ येऊन बसली. तिला बरं वाटावं म्हणून मी त्या मायलेकींची गोष्ट सांगितली. चिठ्ठीवर नाही, तोंडी. ती ऐकत राहिली, मग एकदम म्हणाली, "पण शैलाआजी, त्या रडत होत्या, बोलत नव्हत्या, हे तुम्हाला कसं कळलं? आमचे कॉल रेकॉर्ड होतात, ते आम्ही सांगतो तरी. तुम्ही चोरून ऐकत होतात?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आमच्यातल्या कुणाला विचारायची गरज नव्हती, आणि बाहेरच्या कुणाला मी कधी सांगितलं नव्हतं. मधुमालतीतून ऊन हळूहळू खाली सरकत होतं. गॅलरीतली कुसुमताईंची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी उठून तिथंच बसले, पिशवीतली जाड वही मांडीवर घेतली, ऋणनिर्देशाची आठही पानं फाडून प्रज्ञाच्या हातात दिली आणि कोऱ्या पानावर पहिलं वाक्य लिहिलं:

हो, आम्ही ऐकायचो.