निरोप झाला, तरी हेनिंग कामावर

हेनिंग विकलांडर पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तो औषधांच्या दुकानात. तिथे शिरताना यंत्रातून नंबराचा चिटोरा घ्यायचा आणि आपला नंबर येईपर्यंत बसायचं. त्याचा नंबर येणार, एवढ्यात एका म्हातारीची चाकांची ढकलगाडी दाराबाहेर बर्फात रुतली. तो उठला, गाडी काढून दिली, आणि आत येईतो त्याचा नंबर उलटून गेला होता.

"ये ना, आता तुझंच घेते," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"नको, नको," म्हणत त्याने नवा चिटोरा घेतला आणि सगळ्यांच्या मागे जाऊन बसला. मला त्याचं कौतुक वाटलं आणि पाठोपाठ रागही आला. पुढे तो आमच्या शेजारी राहायला आला, पण माझ्या मनातलं हे मिश्रण काही बदललं नाही.

गावातल्या खिडक्यांच्या कारखान्यात तो करवतीवर लागला होता. चढत चढत कारखान्याचा प्रमुख झाला. प्रमुखाला आमच्या देशातल्या कामगार कायद्याचं संरक्षण नसतं. कामगाराला काढायचं तर दहा कारणं द्यावी लागतात, प्रमुखाला एका दिवसात काढता येतं. म्हणून त्याच्या करारात एक कलम असतं: कंपनीने काढलं तर दीड वर्षाचा पगार, स्वतःहून गेला तर काही नाही. लोक त्याला पॅराशूट म्हणतात, आणि वर्तमानपत्रांना हा शब्द फार आवडतो.

कारखाना विकला गेला आणि संचालक मंडळाचा अध्यक्ष म्हणून पॉन्टस रीडेल आला. मी शाळेत शिकवायचे तेव्हाचा हा माझ्याच वर्गातला मुलगा. गोड, हुशार. शाळेत जेवताना दूध सांडलं की म्हणायचा, "बाई, ते आपोआप सांडलं." त्याला हेनिंग नको होता. पण एकीकडे कामगार कमी करायचे आणि दुसरीकडे प्रमुखाला पॅराशूट द्यायचं, हे पेपरात आलं असतं. म्हणून तो काढेना. त्याऐवजी बैठका हेनिंगला न बोलावता होऊ लागल्या. मग त्याचा फोन वाजेनासा झाला. मग त्याची खोली दुसऱ्याला लागली आणि त्याचं टेबल छपाई यंत्राच्या शेजारी आलं. तोंडाने मात्र कुणी काही बोललं नाही, आणि हेनिंगनेही विचारलं नाही. रोज सातला जायचा, टेबल पुसायचा, बसायचा.

मार्चमध्ये मला पॉन्टसचा फोन आला. मी गावच्या गायनमंडळात आहे.

"बाई, शुक्रवारी दुपारच्या कॉफीला कारखान्यात दोन गाणी म्हणाल का? हेनिंगचा निरोप समारंभ आहे."

"हेनिंग चाललाय? त्याला सांगितलंस का?"

"कळेलच की त्याला. केक आल्यावर."

मी फोन ठेवला आणि तशीच शेजारी गेले. हेनिंगची बायको सोल्वेग दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. ती नुकतीच आली होती आणि खांद्याला शेकाची पिशवी लावून बसली होती.

"हे काढत नाहीत, हा निघत नाही, आणि आता मधल्या मध्ये केक!" ती कडाडली.

"हिरवा आहे का?" हेनिंगने मला विचारलं.

"हेनिंग!"

"नाही, म्हणजे बदामाचा हिरवा केक सगळ्यांना आवडतो."

सोल्वेगने त्यालाच अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या वकिलाला फोन करायला लावला. वकिलाने बजावलं: काही बोलू नकोस, आभार तर मुळीच मानू नकोस. आभार मानलेस की ते म्हणतील, गडी राजीखुशीने गेला.

"आभार मानायचे नाहीत म्हणजे काय?" हेनिंग म्हणाला. "लोक बशा घेऊन उभे असणार."

"तोंड मिटून राहायचं! दीड वर्षाचा पगार आहे तो. माझा खांदा गेलाय कामातून. अजून किती वर्षं मी लोकांच्या तोंडात नळी धरून उभी राहू?"

"पगाराचं आहेच गं. पण त्याने मला एकदा तोंडावर सांगावं."

"तो सांगायचा नाही आणि तू विचारायचा नाहीस! तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडलं ना, तर उपाशी मराल, पण दार कुणी वाजवणार नाही."

शुक्रवारी आम्ही गायलो. केक हिरवाच होता. पॉन्टस म्हणाला की हेनिंगसमोर आता नवी क्षितिजं आहेत, आणि असं म्हणताना तो केककडे बघत होता. वर्गणी काढून आणलेली मासे धरायची गळाची काठी हेनिंगच्या हातात दिली गेली. हेनिंग आयुष्यात मासे धरायला गेलेला नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे चार वेळा हुर्रे झालं. मग सगळे थांबले. अशा वेळी निरोप घेणाऱ्याने चार शब्द बोलायचे असतात. न बोलणं म्हणजे समोरच्यांच्या बशीत थुंकणं.

गप्प राहा रे बाबा, मी मनात म्हणत होते. तो बोलायला लागला.

त्याने रंगाच्या खात्याचे आभार मानले, काचेच्या खात्याचे मानले, झाडू मारणाऱ्या बाईचे मानले, मागच्या वर्षी निवृत्त झालेल्या ट्रकवाल्याचे मानले. पॉन्टसचा चेहरा उजळत गेला. मी गाण्याच्या वहीत डोकं घातलं. सोल्वेगला आता काय सांगू?

"तर सगळ्यांचे मनापासून आभार," हेनिंगने शेवट केला. "केक सुंदर आहे. सोमवारी सातला भेटू."

दोघंतिघं हसले. त्यांना तो विनोद वाटला.

सोमवारी सातला तो हजर. गळाची काठी त्याने कॉफीच्या खोलीत कोपऱ्यात उभी केली. "मी जात नाहीये, तेव्हा ही मला घेता येणार नाही," एवढंच म्हणाला. निरोप दिलेल्या माणसाशी बोलायचं काय? पहिले काही दिवस लोक 'काय थंडी आहे' म्हणाले. मग एकेक जण कॉफीचा कप घेऊन आपापल्या यंत्रापाशी जाऊ लागला. आमच्याकडे कॉफी एकत्र न पिणं ही भांडणापेक्षा वाईट गोष्ट. पॉन्टस गाडी मागच्या बाजूला लावू लागला.

मी कुंपणावरून विचारलं, "अरे, सरळ जाऊन विचार ना त्याला!"

"तो कामात असतो गं," हेनिंग म्हणाला. मला कुंपण उपटून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

अखेर रंगाच्या खात्यातल्या बायका पॉन्टसकडे गेल्या. एक तर त्याला काम दे, नाही तर सांग. आम्हाला कॉफी घशाखाली उतरत नाही, म्हणाल्या. त्या संध्याकाळी पॉन्टसने मला फोन केला.

"बाई, तुमचं तो ऐकेल. जरा समजवाल का त्याला?"

"पॉन्टस," मी म्हटलं, "दूध तू सांडलंस. फडकं तूच घे."

दुसऱ्या दिवशी सायकली लावायच्या जागी त्याने हेनिंगला गाठलं. "हेनिंग, कंपनी तुला काढतेय," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "म्हणजे, मी काढतोय."

"बरं," हेनिंग म्हणाला. "सांगितलंस, बरं झालं. लेखी देशील का?"

मग त्याने आत जाऊन आपला कप धुतला आणि घरी आला. सोल्वेग मला हे सांगताना भांडी आपटत होती आणि रडतही होती.

पेपरात यायचं ते आलंच. फोटोत आमचं कुंपणही आलं. दुकानात कुणीतरी टोमणा मारला, "काय हेनिंग, उतरलास का पॅराशूटने?"

"उतरलो. वारा बरा होता," तो म्हणाला, आणि दोन दिवस दुकानात गेला नाही.

पगार दर महिन्याला येतो. दुसरीकडे कमावलं तर तेवढं त्यातून वजा होतं, म्हणून तो कुठे लागत नाही. घरी असतो. फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावतो आणि सोल्वेगने हलवले की न बोलता परत लावतो. सोल्वेगने अजून नोकरी सोडलेली नाही. आठवड्याचे चार दिवस ती दवाखान्यात जाते. दिवसभर त्याच्याबरोबर घरात बसण्यापेक्षा खांदा दुखलेला परवडतो, म्हणते.