पोर्ट म्हणजे बंदर की डावी बाजू?

मंडळी, दुपारपासून डोकं चालत नाहीये.

उत्तनच्या नव्वदीतल्या फिलोमीना मावशींना मोबाइलवर क्रूझचा व्हिडिओ दाखवत होतो. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात प्रवासी जहाजावर खलाशी होते. जहाज बुडालं, ते परतले नाहीत. वाचलेला सोबती घरी सांगून गेला, "स्फोट झाला तेव्हा तो पोर्टला होता."

घरच्यांना वाटलं, म्हणजे बंदरात उतरलेला, जिवंत आहे. मावशींची आई मरेपर्यंत वाट बघत राहिली.

आज व्हिडिओतला माणूस म्हणाला, "जहाज की बाईं साइड को पोर्ट बोलते हैं."

मावशींनी माझा हात धरला. "म्हणजे बाबा जहाजावरच व्हता? बंदरात न्हाय?"

"माहीत नाही, मावशी." सोबत्याला काय म्हणायचं होतं, आता कोण सांगणार?

"मंग त्याच्या नावाची मेणबत्ती लावू का नको?"

मेणबत्ती मेलेल्यांसाठी लावतात, म्हणून आजवर घरात त्यांच्यासाठी कोणी लावलेली नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?