सातव्या प्लॉटवरचा ताणा

आधी सांगायचं ते अम्माबद्दल. नाव लिहिलेलं तिला आवडणार नाही, म्हणून सगळी गल्ली म्हणते तसं मीही अम्माच म्हणतो. सोलापुरात हातमागावर लुगडी विणणारी तेलुगू बाई, वयानं माझ्या आईएवढी. आज माझ्या घराला दार आहे आणि त्या दारात माझी बायको उभी राहते, ते अम्मामुळे.

मी परभणीकडचा. मराठी तिसरीतून शाळा सुटली आणि पोटामागं सोलापूरच्या गिरणीत आलो. ओढ्याकाठच्या झोपड्यांत दोघा गाववाल्यांबरोबर राहायचो. लग्न झालं, पण बायको गावीच. जागा मिळाली की नेतो, असं दर पत्रात लिहायचो. तिसऱ्या वर्षी तेच तेच लिहायची लाज वाटायला लागली.

त्या वर्षी नगरपालिकेच्या कचेरीनं ओढ्याकाठच्या झोपड्या काढायचं ठरवलं. ओढ्यापलीकडचं माळरान घरांसाठी मोकळं करा, असा आम्ही अर्ज दिला. उत्तर आलं की गरज नाही. नकाशाप्रमाणे वस्तीतच पुरेसे रिकामे प्लॉट आहेत. त्यातले काही विणकरांच्या गल्लीमागं होते, ते आम्हाला. चिठ्ठ्या टाकल्या. मला सातवा आला.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बघायला गेलो. लांबलचक, सपाट, झाडून काढल्यासारखी जागा. पावलांनी मोजली. चूल इथं, मोरी तिथं, असं ठरवून दगड मांडले. इतका हरखलो की त्याच दिवशी बायकोला पत्र टाकलं, ये म्हणून.

टाकलं आणि धास्ती लागली. कुणी दगड हलवले तर? दुसऱ्या दिवशी गिरणीच्या भोंग्याआधीच पुन्हा गेलो. बघतो तर माझ्या घरातून सूत चाललेलं. बांबूच्या घोड्यांवर कमरेच्या उंचीला लुगड्याच्या उभ्या सुताचा ताणा पसरलेला, पहिल्या प्लॉटपासून शेवटच्या प्लॉटपर्यंत, निळ्या धाग्यांचा नुसता ओढाच. दोन्ही बाजूंनी माणसं खळीचे कुंचे फिरवत होती. सगळ्यांत पुढं अम्मा.

"ए बाबू, सूत बघून. खळ वली हाय."

"ही माझी जागा हाय," मी चिठ्ठी दाखवत म्हणालो.

"मंजे ते दगड तुझे व्हय? कोन देव मांडून गेला म्हनून आमी हळदकुकू लावनार हुतो की."

ताण्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं हसली. मला रडू यायच्या बेतात होतं, पण हसू आलं. अम्मानं कुंचा न थांबवता सगळं समजावलं. ऊन चढलं की सूत कडक होतं, तुटतं. म्हणून खळ लावायची ती पहाटेच, आणि ऊन तापायच्या आत ताणा गुंडाळून घरात न्यायचा.

"मोजायला सायब कवा आला? जेवून, पान खाऊन. दुपारी हितं कुत्रं बी नसतंय. त्याला रिकामं दिसनार न्हाय तर काय."

कचेरीत बोललो तर माझा प्लॉट जाणार, नाही बोललो तर या गल्लीचे माग बंद पडणार. आणि बायकोला तर पत्र गेलेलं. हे मी अम्माला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. परक्या गावात तसं ऐकून घेणारंच कुणी भेटलं नव्हतं.

"येऊ दे की तिला. माझ्या घरात ऱ्हाईल," अम्मा म्हणाली. "पर अर्ज तू लिव. मला लिवता येत न्हाय."

"नकाशा चुकलाय असं लिहू?"

"नगं. सायबाला राग येतोय. सकाळी या, येवढंच लिव."

तिसरीतल्या अक्षरात तेवढंच लिहिलं आणि कचेरीत देऊन आलो.

ओव्हरसियर साहेब एका सकाळी आले ते जमीन मोजणारे दोन साखळीवाले घेऊनच. रिकाम्या जागेत सकाळी बघायचं काय असतं, ते बघतोच, म्हणाले. आणि ताण्यासमोर उभे राहिले. सरळ जायला वाट नाही, वळसा घालायला अख्खी गल्ली.

"खालनं या, सायब," अम्मा म्हणाली. "समदी खालनंच जात्यात."

साहेब वाकले. वेळेआधी उठले. टोपी सुताला चिकटली ती तिथंच राहिली, साहेब बोडक्यानं पलीकडं निघाले. कुणी हसेना. मग साहेबच हसले आणि गल्लीला हसू फुटलं. अम्मानं टोपी अलगद सोडवून आधी सूत तपासलं, मग टोपी दिली.

तेवढ्यात त्यातला एक साखळीवाला धीर करून म्हणाला, "साहेब, त्या यादीत ओढ्याच्या वळणावरचे दोन प्लॉट हायत न्हवं, तितं आमचे आजोबा बसलेत."

"बसलेत? त्यांना उठवा."

"समाधी हाय साहेब. आमच्यात, लिंगायतांत, बसवून पुरत्यात."

"मग मोजताना बोलला का नाहीस?"

"तुमी साखळी धर म्हनला, धरली."

साहेबांनी यादी घडी करून खिशात घातली. पुढचे दिवस ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तिन्ही वेळा फिरले. 'रिकामे' म्हणून लिहिलेल्या प्लॉटांत खरोखर रिकामे फार थोडे निघाले. पावसाळ्याआधी ओढ्यापलीकडचं माळरान घरांसाठी मोकळं झालं आणि मला तिथं कोपऱ्यावरची जागा मिळाली.

तोवर बायको अम्माकडं राहिली. सुताच्या कांड्या भरायला शिकली, आणि माझ्यापेक्षा चांगलं तेलुगू बोलायला लागली. भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी मी अम्माला विचारलं, तुला काय देऊ?

"तू काय देनार, गिरनीवाला," ती हसली. मग कुंचा धुता धुता म्हणाली, लग्न होऊन आले ती माहेरचं गाव पुन्हा बघितलंच नाही. गावात तळं होतं, ते आहे का बुजलं, कुणास ठाऊक.

गाव निजामाच्या मुलखात, वरंगळच्याही पुढं. गाडी कुठं बदलायची ते मी स्टेशनावर विचारून आलोय. अजून जमलेलं नाही. पण अम्मा, एक दिवस मी तुला त्या तळ्याच्या काठावर नेऊन उभं करीन.