डेव्हिएशनवर घेतलेली बेस गिटार

आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांनी, जन्मात एकही वस्तू पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. ब्रह्मदेव चुकून पिंपरीच्या बाजूला आला असता, तर त्याची ही सगळी सृष्टी मामांनी गेटवरूनच परत पाठवली असती. तिथल्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली आणि रिटायर झाल्यावर ते खातं घरी घेऊन आले. हॉटेलात चहा आला की आधी कप बशीत डुगडुगतो का ते बघायचं. लग्नाला गेलं की मांडवाचा खांब हलवून मग अक्षता टाकायच्या. दवाखान्यात डॉक्टर त्यांची नाडी बघत असताना हे दुसऱ्या हातानं डॉक्टरांचं टेबल चाचपणार. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बायकोकडची मंडळी माझी नोकरी, पगार, पत्रिका विचारत होती आणि मामा आमच्या दाराच्या बिजागऱ्या बघत होते. शेवटी त्यांनी मला उभं केलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं आणि निघताना माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना शांतपणे म्हणाले, "डावा खांदा उतरता आहे. डेव्हिएशनवर घ्या." कारखान्याच्या भाषेत डेव्हिएशन म्हणजे माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण पुढचं काम अडलंय, तेव्हा कुणीतरी सही करून तो चालवून घ्यायचा. इतकी वर्षं मी त्या सहीवर संसार करतो आहे.

मामा-मामी इकडं परदेशात, पापाकुऱ्याला, त्यांच्या मुलीकडे, माधुरीकडे, सहा महिने राहायला आले तेव्हा आमचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून होतं. विमानतळावर मी त्यांच्या पाया पडलो, तर आशीर्वाद देता देता त्यांनी सामानाची ट्रॉली पुढंमागं ढकलून बघितली आणि चाक घासतंय असं सांगितलं. माधुरीचं घर लाकडी, तिथली बहुतेक घरं असतात तसं. मामांनी आत पाऊल टाकलं, भिंतीवर मुठीनं ठोकलं, तळहात टेकवून उभे राहिले आणि हे घर आहे की घराचं पॅकिंग, असं माधुरीच्या नवऱ्याला विचारलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, स्लिपर घ्यायला गेले, तर दोन्ही जँडल (स्लिपरांना तिथं हेच म्हणतात) दोन हातांत धरून डोळे मिटून बराच वेळ वजन जोखत राहिले. दुकानदारबाई घाबरून बाहेर आली. शेवटी एका जोडातला डावा आणि दुसऱ्या जोडातला उजवा असा स्वतःचा जोड जमवून ते घरी आले, आणि त्या बाईकडे उरलेला विजोड जोड विकला गेला की नाही, याची काळजी मामी पुढं महिनाभर करत होती.

या सगळ्यात एकच वस्तू मामांना हाताळता येत नव्हती, ती म्हणजे त्यांची चौदा वर्षांची नात सई. ती तिथंच जन्मलेली, मराठी समजायचं पण उत्तर इंग्रजीत, आणि तेही बारीक आवाजात, भरभर. मामा तिच्या प्रत्येक वाक्याला "हो हो, व्हेरी गुड" म्हणायचे. एकदा तिनं त्यांच्याकडं स्क्रूड्रायव्हर मागितला तर "व्हेरी गुड" म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवून ते फिरायला निघून गेले. आजोबांना माझ्यात काही इंटरेस्ट नाही, असं सईनं ठरवून टाकलं. इकडं मामा मला सांगायचे की आजकालच्या पोरांना म्हाताऱ्यांशी बोलायचा कंटाळा येतो, त्याला काय करणार. त्यांनी तिच्यासाठी आणलेले चांदीचे पैंजण खणात पडून होते. दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागत, आणि ते बघून माधुरीला रडू यायचं.

सई शाळेच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. बेस म्हणजे ती चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. बँडमध्ये ती दिसत असते सगळ्यांना, पण ऐकू येते फक्त वाजवणाऱ्याच्या आईला. शाळेची एकच बेस होती. सुट्टीनंतर ती लहान मुलांच्या वर्गाकडे जायची होती, आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की नव्या टर्मच्या पहिल्या सोमवारी निवड होईल, तेव्हा जिच्याकडं स्वतःची गिटार असेल तिलाच उभं राहता येईल. सई खोलीत जाऊन रडली. रडणं मामांनी दारातून बघितलं, कारण मामीकडून विचारून घेतलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं की बेस आजोबा देणार. मग म्हणाले, "पण मी बघून."

तेव्हाच मी पळून जायला हवं होतं. माझी नोकरी पेनरोजला, तिथली दुकानं मला माहीत आणि गाडी माझी, त्यामुळं पुढचे सगळे शनिवार मामांच्या नावे झाले. पेनरोजच्या गोदामांच्या रांगेत वाद्यांचं एक लांबलचक दुकान होतं. मालक भला मोठा माओरी गृहस्थ, आवाज ढोलासारखा, बोलणं मऊ. मामा इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून यायचे, कारण त्यांच्या मते आपण बघायला चाललो होतो आणि बघायला जाताना माणसानं नीट जावं. मालक "किया ओरा" असा त्यांच्या भाषेतला नमस्कार करून सगळ्यांत स्वस्तातली बेस समोर ठेवायचा आणि मामा कामाला लागायचे. बंदुकीचा नेम धरावा तशी मान डोळ्याशी लावून ती वाकली आहे का बघायची. मान धडाला जिथं जोडली आहे त्या फटीत बसच्या तिकिटाचा कागद सरकवायचा आणि तो आत गेला की माझ्याकडं दुःखानं बघायचं. मानेच्या कडेवरून नख फिरवून तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं टोचतात का पाहायचं. खुंट्या पिळायच्या, पट्टा गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडून द्यायचे आणि डोकं जड होऊन गिटार खाली झुकली की "नाकावर पडते" असा शेरा मारायचा. साध्या गिटारला सहा तारा असतात आणि हिला चारच, म्हणजे कंपनीनं दोन तारा वाचवल्या, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती मी काढायला गेलो, तर मी विक्रेत्याच्या बाजूनं बोलतोय म्हणून रुसले.

फक्त एक गोष्ट ते करत नसत. मालक बिचारा दर वेळी वायर आणून बेस स्पीकरला जोडायला जायचा आणि मामा हातानंच नको म्हणायचे. आवाज म्हणजे रंग, तो वरून कुणीही मारतं, आपण खालचा पत्रा बघावा, असं मला मराठीत समजावायचे. वाद्य घ्यायला येऊन ते न ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. हा त्यांचा आणखी एक हट्ट, असं समजून मी मालकाकडं बघून ओशाळं हसायचो. हातात धरून, ठोकून, तळहात टेकवून झालं की मामा गिटार अदबीनं परत ठेवायचे आणि आमच्याकडं पोहे खाऊन झाल्यावर म्हणतात ते वाक्य इंग्रजीत म्हणायचे, "वुई विल इन्फॉर्म यू." कळवतो म्हटलं की कळवायचं नसतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

तिथल्या माणसाला मात्र ते कोण सांगणार. सुट्टी संपायच्या आधीच्या शनिवारी आम्ही गेलो, तर मालकानं आतून एक बेस आणली, तपकिरी रंगाची, आम्ही पहिल्या दिवशी पाहिलेली. तिला चिठ्ठी बांधली होती आणि चिठ्ठीवर मामांचं आडनाव होतं, स्पेलिंग चुकलेलं. तुम्ही कळवतो म्हणालात, म्हणून मी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही, गिऱ्हाइकं दोनदा परत पाठवली, असं तो सहज म्हणाला. मी मामांना त्याचा अर्थ सांगितला. मामांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, म्हणजे ती आपल्या निरोपासाठी थांबलीय?"

मी म्हटलं, मामा, ती गिटार आहे.

"असू दे. एवढे दिवस थांबवून ठेवायचं आणि मग नाही म्हणायचं, हे बरं नव्हे." तिच्या मानेच्या जोडात कागद जात होता, पट्ट्या टोचत होत्या, ती नाकावरही पडत होती. मामांनी सगळे दोष तिच्या देखत पुन्हा एकदा मोजले, मोठा श्वास घेतला आणि ती डेव्हिएशनवर घेतली. मालक "स्वीट ॲज", म्हणजे झकास, असं म्हणाला आणि त्यानं दोघांशी हात मिळवले. सईला बेस मिळाली, तिनं उडीच मारली, आणि हे प्रकरण इथं संपलं असं मानून मी रविवारी दुपारी झोपायची तयारी केली.

माधुरीचा फोन आला, ताबडतोब या. जाऊन बघतो तर सई बेस घेऊन हॉलच्या मधोमध उभी, डोळे लाल, आणि मामा खुर्चीत प्रसन्न बसलेले, हातात स्क्रूड्रायव्हर. झालं होतं असं. बेसच्या खालच्या टोकाला तारा अडकवतात तिथं प्रत्येक तारेखाली धातूचा एक बारीक ठोकळा असतो. हे ठोकळे एका ओळीत नसतात, मागेपुढे असतात, कारण जाड तारेला लांबी वेगळी लागते. मामांना सकाळी ही वाकडी ओळ दिसली. आपण सही केलेल्या मालात एवढा ढळढळीत दोष राहिला, याची त्यांना लाज वाटली आणि नात आंघोळीला गेली असताना त्यांनी ते चारही ठोकळे पट्टी लावून एका रेषेत आणून ठेवले. इतकं सुबक काम तिथं कुणी केलं नसेल. आता मानेवर वर जावं तसा प्रत्येक सूर खोटा लागत होता, आणि निवड दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

"आजोबा, यू रेक्ड इट," सई ओरडली. "द ट्रायल इज टुमारो. यू नेव्हर लिसन टु मी."

मामांनी तिच्याकडं कौतुकानं बघितलं आणि म्हणाले, "हो हो, व्हेरी गुड."

मग मामी स्वयंपाकघराच्या दारातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सई, ओरडू नकोस बाळा. ह्यांना तुझं काही ऐकूच येत नाही."

कारखान्यात आयुष्याची बरीच वर्षं मोठमोठ्या प्रेसच्या शेजारी उभं राहून मामांचे कान गेले होते. सगळे नाही. जाड आवाज येत, बारीक गेले होते, आणि सईचा आवाज तर सगळ्यांत बारीक. हे फक्त मामीला ठाऊक होतं. भिंती, कप, मांडवाचे खांब तळहातानं का तपासले जात होते आणि दुकानात वायर का जोडू दिली जात नव्हती, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि मालकाकडं बघून मी जे हसायचो त्याचं मला वाईट वाटलं. मामीनं काय सांगितलं ते मामांनी तिच्या तोंडाकडं बघून ओळखलं असावं. स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवून ते म्हणाले, "इन्स्पेक्टरला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याच्या सहीला काय किंमत? म्हणून नाही सांगितलं."

सई त्यांच्या खुर्चीशी खाली बसली, बेस मांडीवर आडवी घेतली आणि घशातून जितका जाड काढता येईल तितका जाड आवाज काढून, मी तिच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती अशा मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, हे वाकडं... मुद्दाम असतं."

"मुद्दाम वाकडं?"

"हो."

"ड्रॉइंगमध्येच?"

"ड्रॉइंगमध्येच."

ड्रॉइंगपुढं मामांचं कधीच काही चाललं नव्हतं. सईनं त्यांचा हात उचलून लाकडावर ठेवला आणि एक तार छेडली. मामा दचकले. तिनं पुन्हा छेडली. "येतंय," ते म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ नुसतेच "येतंय, येतंय" म्हणत राहिले. तिनं त्यांना दाखवलं की एकच सूर दोन वेगळ्या तारांवर वाजवता येतो, आणि ते दोन्ही जुळले नाहीत की लाकूड लाटा आल्यासारखं थरथरतं. ते तळहाताला कळतं. मग ती छेडायची, स्क्रू फिरवायची, आणि मामा डोळे मिटून सांगायचे, अजून, अजून थोडं, आता गेलं पुढं, मागं घे, थांब. लाकूड स्थिर झालं की त्यांचा चेहराही स्थिर व्हायचा. चारही तारा व्हायला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. माधुरी मध्येच उठून आत गेली ती डोळे धुऊन आली. सोमवारी बाईंनी सईला ठेवून घेतलं, आणि बेस नीट लावलेली आहे असं म्हणाल्या. ते वाक्य सईनं घरी येऊन आजोबांना तीनतीनदा जाड आवाजात ऐकवलं.

उरलेले दिवस ती दोघं गॅरेजमध्येच असत. ती वाजवायची, ते हात ठेवून बसायचे आणि दोष काढायचे, आणि ती तितक्याच जोरात भांडायची. मग मामा-मामी चिंचवडला परत गेले. पुन्हा यायचं ठरलं होतं, पण त्यांच्या छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. माझे शनिवार मोकळे झाले. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण तसं वाटलं नाही, उगाचच पेनरोजच्या दुकानावरून गाडी घ्यावीशी वाटते.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही माधुरीकडं जेवायला होतो. सईनं कॉलिंग कार्डवरून चिंचवडला फोन लावला, रिसीव्हर स्पीकरसमोर गादीवर ठेवला आणि शाळेत नवं बसवलेलं गाणं आजोबांसाठी पूर्ण वाजवलं. फोनच्या तारेतून बारीक आवाज तेवढे पलीकडं जातात, जाड आवाज गळून पडतात, हे इंजिनियर असून मला तिला सांगवलं नाही. गाणं संपल्यावर तिनं रिसीव्हर उचलला आणि आवाज जाड करून विचारलं, "आजोबा, कसं झालं?" बऱ्याच वेळानं मामीचा आवाज आला. ती म्हणाली, "अगं, ऐकू काही येत नाहीये त्यांना. फोन छातीशी धरून बसलेत, मला ओढून घ्यावा लागला. परत मागतायत."

"त्यांना दे परत," सई म्हणाली, आणि रिसीव्हर गादीवर ठेवून तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.